मुलाला परदेशी नेण्याआधी त्याला खरं सांगा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे यजमान कोल्हापूरजवळ शिरोलीत टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं बनवणाऱ्या कारखान्यात होते. त्यांना जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरी लागली, ते पुढे गेले आणि ऑगस्टमध्ये तुम्ही दोन्ही मुलांना घेऊन निघणार आहात. मुलगा नऊ वर्षांचा, आत्ताच चौथीत गेलेला. मुलगी चार वर्षांची. मुलगा लहानपणापासून आजोबांपाशी झोपतो, त्यांच्याबरोबर गंगावेशीत दूध कट्ट्यावर ताजं दूध प्यायला जातो, पेठेतल्या पोरांत फुटबॉल खेळतो. गेले तीन आठवडे तो धड जेवत नाही, रात्री उठून बसतो आणि 'मी येणार नाही' एवढंच म्हणतो. तुम्ही विचारलंय, त्याला एक वर्ष आजी-आजोबांकडे ठेवून आधी आम्ही बस्तान बसवावं का? तिथे लवकर रुळावा म्हणून घरात मराठी बंद करून इंग्रजी-जर्मन सुरू करावं का? आणि रुळायला किती दिवस लागतील?

पण तुमच्या पत्रात मध्येच एक वाक्य आहे, ते मला या तिन्ही प्रश्नांपेक्षा मोठं वाटतं. 'त्याला आम्ही दोन महिने फिरायला जाऊन येऊ असं सांगितलंय.'

ताई, त्याला कळलेलं आहे. नऊ वर्षांच्या मुलाला घरातलं सगळं कळतं. बाबा पुढे गेलेत, शाळेतून दाखला काढलाय, आजी पदराने डोळे पुसते आणि तो आला की विषय बदलते. दोन महिन्यांच्या सहलीला शाळेचा दाखला कोण काढतं? तो जर्मनीला नाही म्हणत नाहीये. आपल्या आयुष्यात काहीतरी मोठं घडतंय आणि घरातलं कुणीच आपल्याशी खरं बोलत नाही, या भीतीने त्याची झोप उडाली आहे. तिथे रुळणं ही नंतरची गोष्ट. त्याआधी त्याला इथून नीट निघता आलं पाहिजे, आणि ते काम कोल्हापुरातच करायचं आहे.

मी कोल्हापुरात मुलांची समुपदेशक म्हणून २२ वर्षं काम करते. पूर्वी माझ्याकडे परदेशी निघालेली घरं यायची ती डॉक्टरांची किंवा संगणकवाल्यांची. आता डिप्लोमा झालेले, आयटीआय झालेले, नर्सिंगवाले येतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तर चौकशी वाढलीच आहे. श्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी. यातली बहुतेक घरं एकत्र कुटुंबातली. मूल आई-वडिलांपासून तुटत नाही, पण ज्यांच्या हाताखाली वाढलं त्या आजी-आजोबांपासून तुटतं. पासपोर्ट-व्हिसाच्या गडबडीत हे दुखणं कुणाच्या ध्यानातही येत नाही.

एक प्रसंग सांगते, ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आठ वर्षांचा मुलगा, मंगळवार पेठेतला. जाण्याचं त्याला सांगितलं होतं, पण सामान मोडताना त्याची सायकल तो शाळेत असताना विकून टाकली. रडेल म्हणून. विकली ती बोळातल्याच एका घरात. रोज संध्याकाळी त्याच्याच सायकलची घंटी वाजवत ते दुसरं पोर खिडकीखालून जायचं आणि हा खिडकीपाशी उभा राहायचा. माझ्याकडे आल्यावर तो पहिला अर्धा तास बोललाच नाही. मग म्हणाला, 'तिची चेन उतरते, त्याला बसवायला येत नाही.' एवढंच. त्याला सायकल परत नको होती. चेन कशी बसवायची हे नव्या मालकाला दाखवायचं होतं. आईने त्याला त्या घरी नेलं, त्याने हात काळे करून दाखवलं आणि त्या रात्री तो जेवला. मुलांचा निरोप असा असतो. आपल्याला वाटतं की ते वस्तूवर अडून बसलेत, पण त्यांचं काहीतरी द्यायचं राहिलेलं असतं.

म्हणून पहिलं काम हे. यजमानांना व्हिडिओ कॉलवर घ्या, आजोबांना शेजारी बसवा आणि सरळ सांगा: 'बाळा, आम्ही तुला सहल म्हणालो ते खरं नव्हतं. तू रडशील म्हणून आम्ही घाबरलो. आपण तिकडे राहायला जाणार आहोत. निदान तीन वर्षं.' जे ठरलेलं नाही ते ठरलंय म्हणून सांगू नका. 'दरवर्षी नक्की येऊ' हे वचन तिकिटाचे पैसे हातात असतील तरच द्या. तो चिडेल, दार आपटेल, कदाचित तुम्हाला नको ते बोलेल. बोलू द्या. 'अरे, किती नशीबवान आहेस, लोक तडफडतात जायला' हे वाक्य त्या दिवशी कुणीही उच्चारायचं नाही, मामाने तर नाहीच.

आजी-आजोबांनाही आधी वेगळं बसवून सांगा. त्यांनी रडायला माझी हरकत नाही. नातवासमोर आजोबा रडले तर मुलाला कळतं की दुःख फक्त आपल्यालाच होत नाहीये. पण 'तू गेलास की मी काही जगत नाही' असं म्हणायचं नाही. मूल ते शब्दशः घेतं आणि आजोबांना जगवण्याचं ओझं डोक्यावर घेऊन विमानात बसतं. तिकडे गेल्यावर रोज रात्री 'आजोबांना फोन लावा' म्हणून हट्ट करणाऱ्या एका मुलीच्या बाबतीत हे मी पाहिलं आहे. तिला गप्पा मारायच्या नव्हत्या, आजोबा आहेत ना एवढं बघायचं होतं.

आता तुमचा पहिला प्रश्न. एक वर्ष मागे ठेवावं का? माझं मत स्पष्ट 'नको' असं आहे, आणि ते माझ्याच एका चुकीतून झालेलं आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका कुटुंबाला सांगितलं होतं की मुलगी हट्ट धरून बसलीय तर राहू दे वर्षभर आजीकडे, मोठी झाली की समजेल. ती दहा वर्षांची होती. धाकटा भाऊ आई-वडिलांबरोबर गेला. वर्षाने ती पोचली तेव्हा भाऊ तिथली भाषा बोलत होता, त्या तिघांच्या घराला सवयी लागल्या होत्या, आणि हिला आपण त्या घरात पाहुणी आहोत असं वाटलं. ती मला नंतर म्हणाली, 'मी राहते म्हटलं होतं, पण त्यांनी ऐकायला नको होतं.' ते वाक्य मी विसरलेले नाही. मुलाने 'मी येणार नाही' म्हणणं ही त्याची भावना आहे, घराने घ्यायचा निर्णय नव्हे. तुमच्या घरात तर धाकटी बरोबर जाणार आहे, म्हणजे तीच वाट.

हे परिस्थितीवरही अवलंबून असतं, हे मान्य करते. दहावीचं वर्ष असेल, मुलावर कसले उपचार चालू असतील, किंवा करार फक्त दहा-अकरा महिन्यांचा असेल, तर माझा सल्ला वेगळा राहील. मुलाला वाचायला-लिहायला मुळातच अडचण असेल तर इथेच मराठीतून तपासणी करून अहवाल बरोबर न्या. नाहीतर तिकडे भाषेची अडचण कोणती आणि अभ्यासाची कोणती, हे वेगळं काढता काढता दोन वर्षं जातात. तुम्ही लिहिलंय त्यावरून यातलं काही तुमच्याकडे दिसत नाही.

जर्मनीत शाळा सक्तीची आहे. घरी बसवून शिकवण्याची मुभा जवळजवळ नाहीच, आणि सत्र चालू असताना भाच्याच्या लग्नाला म्हणून मुलाला आठवडाभर उचलून आणलं तर दंड होऊ शकतो. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला, त्या गावची माणसं आपण, तेव्हा आपल्याला हे कळायला जड जाऊ नये. म्हणून गावी येण्याचं गणित उन्हाळी सुट्टीवर बांधा. त्या राज्यात ती जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असते, म्हणजे बऱ्याच वर्षी गौरी-गणपती तिच्यात सापडतात. मुलाला हे कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवा.

तिथली प्राथमिक शाळा चौथीपर्यंत, आणि चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमिक शाळांत जातात. तुमचा मुलगा नेमका या उंबरठ्यावर पोचणार आहे, त्यामुळे तिथले ओळखीचे लोक तुम्हाला घाबरवतील. घाबरू नका. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी तिथे तयारीचे वर्ग असतात, तिथून मुलं हळूहळू नेहमीच्या वर्गात जातात, आणि एका प्रकारच्या शाळेतून दुसऱ्या प्रकारच्या शाळेत जाण्याचे मार्ग पुढेही खुले असतात. शाळेने एक इयत्ता मागे बसवू म्हटलं तर शांतपणे विचार करा. इथून फोनवर 'नापास झाला काय रे?' असं विचारणारे निघतील. त्यांना तुम्ही उत्तर द्या, मुलाला द्यायला लावू नका. जाताना लसीकरणाचं कार्ड हाताशी ठेवा. गोवराच्या लसीचे दोन डोस झाल्याचा पुरावा तिथे मार्च २०२० पासून शाळेला आणि बालवाडीलाही लागतो.

मराठी बंद करायचा विचार मात्र आजच सोडून द्या. हा सल्ला तुम्हाला कुणी दिला ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण अनेक शिकलेली माणसं तो देतात. कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी परदेशी गेलेल्या मुलांवर जे काम केलं, त्याचा सार असा की मैदानावरची, डब्याच्या सुट्टीतली बोली साधारण दोन वर्षांत येते. पण पुस्तकातली भाषा, म्हणजे विज्ञानाचा धडा समजून स्वतःच्या शब्दांत लिहिण्याइतकी, यायला पाच ते सात वर्षं लागतात. या मधल्या काळात मुलाची विचार करण्याची भाषा कोणती? मराठीच. ज्याला मराठीत 'कारण', 'त्यामुळे', 'समजा' असं नीट मांडता येतं, त्याला ते जर्मनमध्ये फक्त नव्या शब्दांत घालायचं असतं. तुम्ही घरात मोडकं जर्मन बोलायला लागलात तर तो तुमच्याकडून चुकीचं जर्मन शिकेल आणि आईशी मनातलं बोलायची भाषा गमावेल. राग, भीती, लाज हे सगळं नऊ वर्षांचं पोर आपल्या भाषेतच सांगू शकतं. त्याच्या शाळेतल्या बाईंना जर्मन शिकवू द्या. तुम्ही भांडण, लाड आणि गोष्टी मराठीत ठेवा, आणि तीही आपली कोल्हापुरी. 'मी जातो, मी येतो' म्हणणारी मुलगी तिकडेही तसंच म्हणू दे.

आणि इथे मला तुमच्या धाकटीची जास्त काळजी आहे. सगळ्यांचं लक्ष मोठ्याकडे आहे, कारण तो रडतोय. चार वर्षांची मुलगी बालवाडीत भराभर जर्मन उचलेल, सगळे कौतुक करतील आणि त्याच वेगाने तिची मराठी गळून जाईल. नऊ वर्षांच्या मुलाची मराठी वाचता-लिहिता येणारी आहे, ती तग धरते. चार वर्षांचीला अजून अक्षरओळखही नाही. वर्ष-दीड वर्षाने बहीण-भाऊ आपापसात जर्मन बोलायला लागतील, ते तुम्हाला थांबवता येणार नाही आणि थांबवूही नका. पण तुमच्याशी जर्मनमध्ये बोलली तरी तुम्ही उत्तर मराठीतच द्या, न रागावता, रोज. कंटाळवाणं काम आहे हे. पण पाच वर्षांनी आजीला तिच्याशी बोलताना मध्ये दुभाषा लागू नये, एवढ्यासाठी ते करायचं.

पहिले काही महिने मुलगा शाळेत गप्प राहील, हे आधीच धरून चाला. नव्या भाषेत पडलेली मुलं कित्येकदा आठवडेच्या आठवडे, काही तर काही महिनेसुद्धा, तोंड उघडत नाहीत. ती ऐकत असतात. माझ्या माहितीतल्या एका सात वर्षांच्या मुलीच्या बाईंनी चार महिन्यांनी आईला बोलावून काळजीने विचारलं, हिला ऐकू नीट येतं ना? त्याच संध्याकाळी आई कपडे वाळत घालत होती आणि आतून आवाज आला. मुलीने बाहुल्या ओळीने बसवल्या होत्या आणि बाईंच्याच आवाजात, बोट नाचवत, त्यांना जर्मनमध्ये दटावत होती. पूर्ण वाक्यं. आईने दारातून परत पाऊल मागे घेतलं, आत गेली नाही. बरोबर केलं तिने. असं मूल 'बोलून दाखव ना' म्हटलं की पुन्हा मिटतं.

दिवसांचं विचाराल तर माझा अनुभव असा. तुम्ही ऑगस्टमध्ये पोचाल, हवा छान असेल, बाबा भेटलेले असतील, नवं घर, ट्राम, बागा. पहिले दोन महिने सगळं सुरळीत वाटेल आणि तुम्ही आईला फोनवर सांगाल, 'रुळला गं.' खरी परीक्षा नोव्हेंबरात. ऑक्टोबरअखेर तिथे घड्याळ एक तास मागे केलेलं असतं. डिसेंबरात तर सकाळी आठपर्यंत उजाडत नाही आणि साडेचारला अंधार. बोळात दिवे लागेपर्यंत खेळलेल्या मुलाला हे कोंडल्यासारखं होतं. त्यात रविवारी दुकानं बंद आणि इमारतीत शांतता पाळायची, घरात चेंडू आपटला की खालचे दार वाजवणार. या काळात तो पुन्हा 'कोल्हापूरला जाऊया' सुरू करेल. तुम्ही कमी पडलात असं तेव्हा समजू नका. थंडीचे कपडे चढवून रोज तासभर त्याला बाहेर काढा, पाऊस असला तरी.

यावर तुमच्या हातात एक हुकमी पान आहे, ते म्हणजे फुटबॉल. शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅच बघत वाढलेलं पोर जर्मनीत चाललंय, यापेक्षा सोयीचं काय असणार? तिथे खेड्यातसुद्धा स्थानिक क्रीडामंडळ असतं, आपल्या तालमीसारखंच म्हणा, आणि वयाप्रमाणे मुलांचे संघ असतात. नऊ-दहा वर्षांच्यांचा गट वेगळा. शाळेत प्रवेश झाला की त्याच आठवड्यात तिथे नाव घाला. मैदानावर भाषा फार लागत नाही. वर्गात जो मुका असतो तो पास देऊन दोस्ती करतो, आणि वाढदिवसाचं पहिलं बोलावणं बहुधा इथूनच येतं. पोहायला येत नसेल तर जाण्याआधी इथे शिकवून घ्या. तिथे शाळेत पोहणं शिकवतात, आणि लहान मुलांसाठी 'समुद्रघोडा' नावाचा बिल्ला असतो. २५ मीटर पोहायचं, काठावरून उडी मारायची, खांद्याइतक्या पाण्यातून वस्तू काढून आणायची. जी गोष्ट त्याला आधीपासून येते अशी एक जरी तिथे निघाली, तरी त्याची मान वर राहते.

नावाचंही सांगून ठेवते. जर्मनमध्ये 'जे' अक्षराचा उच्चार 'य' होतो, तेव्हा जयदीपचा यायदीप होणार. आपणच घाईने त्याचं 'जय' किंवा 'जेडी' करून टाकू नका. बाईंना नाव दोनदा हळू म्हणून कसं दाखवायचं, याचा घरी सराव करून घ्या.

फोनबद्दल. 'आजीशी बोल, काय जेवलास सांग' या कॉलला मुलं महिन्याभरात कंटाळतात. त्यापेक्षा आजोबांना काम द्या. तिथे दुपारचे तीन म्हणजे इथे उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. शाळेतून आल्यावर रोज वीस मिनिटं आजोबांनी त्याच्याकडून मराठी वाचून घ्यायचं, किंवा पेठेच्या मॅचचा वृत्तांत सांगायचा. तेच तेच रोज असू दे. मुलांना त्यातच बरं वाटतं.

एक नाजूक गोष्ट, पण सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे वैतागात मुलाच्या पाठीत धपाटा बसतो. जर्मनीत २००० सालापासून मुलाला मारहाणीशिवाय वाढण्याचा कायदेशीर हक्क आहे आणि तो गंभीरपणे घेतला जातो. तुम्ही मारता असं मी म्हणत नाही. पण परक्या गावात, नवरा दिवसभर कामावर, बोलायला कुणी नाही, अशा तिसऱ्या महिन्यात तुमचाही तोल जाऊ शकतो. मुलं आईच्या चेहऱ्याकडे बघूनच ठरवतात की हे गाव बरं आहे की वाईट. म्हणून तुमचा स्वतःचा जर्मनचा वर्ग मुलाच्या शाळेइतकाच महत्त्वाचा माना. जमल्यास इथेच सुरू करा. आणि मुलाला दिसू दे की आईपण चुकते, अडखळते आणि दुसऱ्या दिवशी परत जाते.

मदत कधी घ्यायची? शाळेत गप्प पण घरी मराठीत बडबड, तर थांबा. घरीही बोलणं तुटलं, सुटलेलं अंथरूण ओलं होणं परत सुरू झालं, शाळेच्या रोज सकाळी पोट दुखायला लागलं, वजन उतरलं आणि हे तीन-चार आठवडे चाललं, तर तिथल्या बालरोगतज्ज्ञांना आणि शाळेतल्या समाजसेवकांना भेटा. बऱ्याच शाळांत ते असतात. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काही तो बोलला तर एक दिवसही थांबू नका. आत्ताची त्याची झोप आणि जेवण खरं सांगितल्यावर आठ-दहा दिवसांत सुधारायला हवं. नाही सुधारलं तर निघण्याआधी इथेच कुणाला तरी दाखवा.

सामानात नवीन काही घेण्याआधी आजोबांच्या अंथरुणावरची वाकळ बॅगेत घाला. न धुता. किलोंचा हिशेब करून कुणी ती काढायला सांगेल, काढू नका. त्याऐवजी मसाल्याचा एक डबा कमी करा.

येत्या रविवारी सांगा त्याला. सकाळी दूध कट्ट्यावरून आजोबांबरोबर परत येऊ दे, पोट भरलेलं असू दे, दिवसभर कुठे जायचं ठेवू नका. आणि सायकल अजून घरात असेल, तर ती कुणाला द्यायची हे त्यालाच ठरवू द्या.